नीरा खोरे: पाट, पाळी आणि खारपड

नीरा नदी भोर तालुक्यात सह्याद्रीत उगम पावते, पूर्वेकडे वाहत जाते आणि नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. उगमाकडच्या डोंगरात पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून ऐंशी-शंभर किलोमीटर पूर्वेला, बारामती-फलटणच्या पट्ट्यात, तो वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो आणि इंदापूर-माळशिरसकडे तर त्याचाही भरवसा राहत नाही. हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला अवर्षणप्रवण मुलूख. नदी पश्चिमेचे पाणी पूर्वेला आणते खरी. पण तिचे पात्र काठच्या शेतांपेक्षा खोल आहे. त्यामुळे धरणे-कालवे होण्यापूर्वी त्या पाण्याचा शेतीला फारसा उपयोग नव्हता.

गेल्या दीडशे वर्षांत या खोऱ्यात दोन गोष्टी बरोबरीने घडल्या. कालव्यांनी कोरडवाहू गावे बागायती केली आणि त्याच कालव्यांच्या पाण्याने काही जमीन पाणथळ व खारपड होऊन पिकातून गेली. पाण्यावर हक्क कोणाचा, ते कोणत्या क्रमाने आणि किती वेळ मिळणार, याचे नियम बारकाईने ठरत गेले. शेतात साचलेले जादा पाणी बाहेर कसे काढायचे आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, याची व्यवस्था मात्र उशिरा झाली आणि अपुरी राहिली.

कालव्यापूर्वीचे खोरे

कालव्यापूर्वी खोऱ्याचा बहुतेक भाग जिरायत होता. खरिपात बाजरी, रब्बीत शाळू, हरभरा, करडई ही मुख्य पिके. पेशवाईतल्या महसुली कागदांत ओलिताच्या जमिनीचे दोन प्रकार आढळतात: ओढ्यानदीला बंधारा घालून पाटाने भिजणारे पाटस्थळ आणि विहिरीवर मोट चालवून भिजणारे मोटस्थळ. नीरेच्या मधल्या आणि खालच्या खोऱ्यात बागायत होती ती मुख्यतः विहिरींच्या भोवती.

मोटेच्या बागायतीला बैलांच्या ताकदीची मर्यादा होती. बैलजोडी धावेवरून खाली उतरली की नाडा ताणला जाई, कातडी मोट विहिरीच्या तोंडाशी येऊन थारोळ्यात रिकामी होई आणि तेथून पाणी पाटाने वाफ्यांकडे जाई. बैल मागे सरकत परत वर आले की मोट पुन्हा विहिरीत. दिवसभर असे केले तरी भिजे ते काही गुंठ्यांचे क्षेत्र. त्यामुळे हे पाणी गहू, भाजीपाला आणि थोड्याशा उसाला पुरे, आणि कोणी ते वाया जाऊ देत नसे. शिवाय विहिरीतून उपसा होत असल्याने जमिनीखालच्या पाण्याची पातळी खालीच राही. मोटस्थळ जमीन पाणथळ होण्याचा प्रश्न सहसा येत नसे.

विहिरीच्या पाण्यावरचा हक्कही त्या मर्यादेतच ठरला होता. जमिनीच्या वाटण्या झाल्या तरी विहिरीचे तुकडे करता येत नसत. मग भावाभावांत चार आणे, आठ आणे असे हिस्से पडत आणि ज्याचा जेवढा हिस्सा तेवढे दिवस त्याची मोट चाले. ही झाली विहिरीची पाळी. पुढे कालव्यावर तोच शब्द आला. पण तेथे पाळी देणारा भाऊबंद नव्हता, सरकार होते.

दुष्काळी कामातून निघालेला कालवा

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनच्या पूर्व भागात मोठी प्राणहानी झाली. लोकांना मजुरी मिळावी म्हणून सरकारने जी कामे काढली त्यांत नीरा डाव्या कालव्याचे खोदकाम होते. १८८५ मध्ये कालवा सुरू झाला. नीरेवर वीर येथे बंधारा बांधून पाणी डाव्या तीरावर वळवण्यात आले आणि पुरंदर, बारामती व इंदापूर तालुक्यांतून सुमारे दीडशे किलोमीटर नेण्यात आले. त्याच्या खालच्या बाजूचा, म्हणजे कालवा आणि नदी यांमधला उतरता पट्टा हे त्याचे लाभक्षेत्र.

पावसाळ्यानंतर नदीला पाणी राहत नसल्याने साठवण हवी होती. त्यासाठी नीरेची उपनदी वेळवंडी हिच्यावर भाटघर येथे दगडी धरण बांधण्यात आले. हे ठिकाण पंतसचिवांच्या भोर संस्थानात होते. धरणाच्या जलाशयाला इंजिनिअर व्हायटिंग यांचे नाव मिळाले. भाटघरचे पाणी नदीच्या पात्रातूनच खाली सोडले जाई आणि वीरच्या बंधाऱ्यावर कालव्यात घेतले जाई. अशा रीतीने एका संस्थानाच्या डोंगरात साठलेले पाणी ब्रिटिश मुलखातली शेते भिजवू लागले.

या पाण्याच्या मालकीचा प्रश्न १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने सोडवला होता. नदी-नाल्याचे पाणी कालव्यासाठी वापरायचे असल्यास सरकारने तशी अधिसूचना काढावी आणि ज्यांच्या वापराला बाध येईल त्यांनी भरपाई मागावी, अशी त्यात तरतूद होती. अधिसूचना निघाल्यानंतर पाणी सरकारच्या हाती जाई. शेतकऱ्याला मिळे ती पाणी वापरण्याची परवानगी. ती अर्जाने मिळे, तिला मुदत असे आणि तिच्याबद्दल पाणीपट्टी भरावी लागे. जमिनीचा सातबारा असणे आणि कालव्याच्या पाण्यावर हक्क असणे या तेव्हापासून दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

याच कायद्यात पाझराबद्दलचे एक कलम आहे. कालव्यापासून दोनशे यार्डांच्या आतल्या शेताला पाझराने किंवा गळतीने फायदा होत असेल, किंवा तेवढ्या अंतरात खोदलेल्या विहिरीत कालव्याचे पाणी झिरपत असेल, तर त्यावरही आकारणी करण्याचा अधिकार सरकारला होता. कायदा करणाऱ्यांना कालवा पाझरतो हे ठाऊक होते. पाझर हा त्यांच्या हिशेबात शेतकऱ्याला फुकट मिळणारा लाभ होता, म्हणून त्याची किंमत वसूल करणे त्यांना रास्त वाटले. तोच पाझर वीस-पंचवीस वर्षांनी जमीन बुडवू लागेल हे त्या हिशेबात नव्हते.

पाण्याला गिऱ्हाईक

कालवा सुरू झाला तरी पहिली काही वर्षे पाण्याला मागणी नव्हती. खोल काळ्या जमिनीत बऱ्या पावसाच्या वर्षी शाळू कालव्याविनाच पिके. त्यासाठी पाणीपट्टी भरायला कोणी राजी नसे. पाऊस दडी मारून बसला की सगळे अर्ज एकदम येत आणि तेव्हा पाणी अपुरे पडे. दुष्काळापासून संरक्षण म्हणून काढलेला कालवा चांगल्या वर्षी रिकामा वाहायचा आणि सरकारी हिशेबात तोट्याचा दिसायचा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मागणी वाढवली. पण कालव्याला बारमाही गिऱ्हाईक मिळाले ते उसामुळे.

उसाला भांडवल लागे. बेणे, पेंड, शेणखत, मजुरी आणि शेवटी गुऱ्हाळ एवढा खर्च झाल्यावर गुळाचे पैसे हाती येत. आडसाली ऊस जवळजवळ दीड वर्ष शेतात उभा राही आणि त्याला दहा-बारा दिवसांनी पाणी द्यावे लागे. कालव्याकाठच्या जिरायत शेतकऱ्याला हे गणित नवे होते. ते आत्मसात केलेले लोक सासवडकडून आले. विहिरीच्या बागायतीत मुरलेल्या सासवड माळी कुटुंबांनी बारामती भागात खंडाने जमिनी घेतल्या, ऊस लावला, गूळ केला. पुढे याच मंडळींपैकी अनेक जण गोदावरी आणि प्रवरा कालव्यांवर गेले. मालकी एकाची, शेती दुसऱ्याची आणि पाणी सरकारचे, ही या बागायतीची सुरुवातीची रचना होती.

१९०१ ते १९०३ या काळात भारतीय सिंचन आयोगाने देशभरच्या कालव्यांची पाहणी केली. त्या सुमारास पुणे भागात काम करणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत सुचवली आणि ती नीरा कालव्यावर अमलात आली. तोपर्यंत ऊस लाभक्षेत्रात विखुरलेला असे. एकेका शेतासाठी लांबवर पाणी न्यावे लागे आणि वाटेत ते मुरून जाई. ब्लॉक पद्धतीत निचऱ्याच्या चांगल्या जमिनीचे सलग तुकडे निवडून त्यांना काही वर्षांसाठी पाण्याची हमी दिली जाई. ब्लॉकच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ऊस आणि बाकीच्यात फेरपालटीची पिके असा दंडक होता. पाण्याची बचत, अधिक गावांना लाभ आणि दलदल व हिवतापाला आळा असे तिचे हेतू होते.

ब्लॉकने हक्काला मुदत आणि स्थान दिले. ब्लॉकदाराला पुढच्या काही वर्षांचे पाणी निश्चित झाले, त्यामुळे त्याला कर्ज मिळू लागले आणि बागायतीत गुंतवणूक करता आली. बिगरब्लॉक शेतकरी हंगामागणिक अर्ज करत राहिला. बागायतदार आणि जिरायतदार हा भेद पुढे गावोगावच्या पंचायतीत, सोसायटीत आणि लग्नाच्या बैठकीत उमटला त्याचे एक मूळ या मंजुरीच्या कागदात आहे.

पाळी कशी चाले

कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी आणि चारीतून शेतापर्यंतचा दांड असा पाण्याचा प्रवास असतो. पाणी अखंड सोडले जात नाही. ठरावीक दिवसांचे आवर्तन येते. त्या आवर्तनात कोणी कधी पाणी घ्यायचे हे शेजपाळीने ठरते. शेतकऱ्यांचे अर्ज मंजूर झाले की चारीवरच्या शेतांची क्रमवार यादी तयार होते. क्षेत्राच्या प्रमाणात प्रत्येकाला तास-मिनिटे मिळतात आणि शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे पाणी सरकते. वाटप टेलकडून हेडकडे, म्हणजे चारीच्या शेपटाकडून तोंडाकडे करावे असा नियम आहे, कारण तोंडाच्या शेतकऱ्याला आधी पाणी दिले की शेवटच्याला उरत नाही.

पाटकरी यादी घेऊन चारीवर फिरतो, दार उघडतो, बंद करतो. पाळी रात्री दोनला आली तर शेतकरी कंदील किंवा बॅटरी घेऊन दोनला बांधावर हजर असतो. दारं धरणे म्हणजे एका सरीत पाणी पोचले की फावड्याने मातीचा बांध फोडून ते पुढच्या सरीत वळवणे. अंधारात दोन-चार माणसे चिखलात उभी राहून हे काम करतात. पाळी संपायच्या आत सगळे क्षेत्र भिजले पाहिजे. पुढचे आवर्तन कधी येईल याची खात्री नसल्याने आलेले पाणी शेतात भरून घेण्याकडे कल असतो. पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर होती, घेतलेल्या पाण्याच्या घनफळावर नव्हती. एकरी दर तोच असल्यावर कमी पाणी घेण्यात कोणाचाच फायदा नव्हता. ही आकारणी पाणथळीचे एक कारण ठरली.

मीठ वर येते

डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या जमिनीची रचना साधारण अशी: वर काळी चिकणमाती, तिच्याखाली मुरूम आणि तळाशी काळा कातळ. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी हळूहळूच खाली सोडते. मुरुमातून मात्र ते सहज वाहते. पूर्वी पावसाचे थोडे पाणी मुरुमात उतरत असे आणि ओढ्यांकडे निघून जात असे. कालवा, चाऱ्या आणि ऊस यांतून झिरपणारे पाणी मुरुमात उतरू लागले तेव्हा ती वाट अपुरी पडली. सखल भागात, ओढ्यांच्या काठी आणि जेथे कातळाचा उंबरठा आडवा येतो तेथे पाणी तुंबले. विहिरींचे पाणी वर आले. सुरुवातीला लोकांना ते भाग्य वाटले, कारण उपसा सोपा झाला.

पातळी जमिनीच्या पृष्ठभागापासून चार-पाच फुटांवर आली की पुढचे काम ऊन करते. केशाकर्षणाने पाणी वर खेचले जाते, वाफ होऊन जाते आणि त्यातले क्षार मागे राहतात. बेसाल्टच्या झिजेतून आलेले हे क्षार जमिनीत पूर्वीही होते, पण खोल आणि विखुरलेले. आता ते वरच्या वीतभर मातीत गोळा झाले. फाल्गुन-चैत्रात सरीच्या वरंब्यावर पांढरी साय धरते, पायाखाली ती कुरकुरते. उसाची पाने टोकाकडून वाळतात, कांडी आखूड पडते, बेणे उगवतच नाही. मग पीक सोडून दिले जाते. हराळी, लव्हाळा आणि बाभूळ शेताचा ताबा घेतात.

याला शेतकरी खारपड म्हणतात. त्याचा पुढचा आणि अधिक चिवट टप्पा म्हणजे चोपण. क्षारांतला सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसला की मातीची रचना मोडते. पावसात ती साबणासारखी निसरडी होते, पाणी आत घेत नाही, आणि वाळली की फरशीसारखी टणक होते. खारपड जमिनीला निचऱ्याची वाट आणि भरपूर गोडे पाणी दिले की ती बरीच सुधारते. चोपण जमिनीत नुसते पाणी दिल्याने भागत नाही. सोडियमला हटवायला जिप्समसारखे कॅल्शियमयुक्त द्रव्य लागते, त्यानंतर धुऊन काढलेला सोडियम बाहेर जायला चर लागतो आणि मातीला पुन्हा पोत यायला ताग किंवा धैंचा गाडावा लागतो.

शास्त्रज्ञ शेतात उतरतात

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींचा अभ्यास केला. तो मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने १९१० मध्ये प्रसिद्ध केला. कालवा सुरू होऊन अवघी पंचवीस वर्षे झाली होती. दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनींची ही सुरुवातीच्या काळातली पद्धतशीर पाहणी. जमिनीतल्या क्षारांचे मूळ, भूजलाची वाढ आणि निचरा यांचा संबंध तिने कागदावर आणला.

१९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनाच्या पद्धती शेतीच्या गरजेनुसार सुधारण्यासाठी पुण्यात एक खास विभाग उघडला. क्लॉड इंग्लिस या इंजिनिअरने तो अनेक वर्षे चालवला. त्याच विभागाची पुढे वाढ होऊन खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था झाली. बंदरे, नद्या आणि मोठ्या धरणांच्या प्रतिकृतींसाठी आज ओळखली जाणारी ही संस्था जन्मली ती दख्खनच्या कालव्यांवरच्या शेतीच्या प्रश्नांतून.

इंग्लिस आणि त्यांचे सहकारी यांनी कालव्यांखालच्या गावांत भूजलाची पातळी मोजली, मातीचे थर तपासले आणि चर खोदून पाहिले. त्यातून निघालेली व्यावहारिक शिकवण अशी: काळ्या मातीत खोदलेला उथळ चर फारसे पाणी ओढत नाही, चर मुरुमापर्यंत गेला पाहिजे आणि तुंबलेला भूजलाचा प्रवाह जेथे कापता येईल तेथेच तो असला पाहिजे. म्हणजे खराब झालेल्या शेतात चर मारून उपयोग नाही. पाणी कोठून येते आणि त्याची खालची वाट कोठे बंद झाली आहे हे आधी शोधावे लागते. नैसर्गिक ओढे खोल करणे हा अनेक ठिकाणी सर्वांत स्वस्त उपाय ठरला.

पाणी मोजण्याच्या साधनांवरही याच काळात काम झाले. कालव्यातला प्रवाह थोडीच पातळी गमावून मोजता यावा म्हणून इंग्लिस यांनी स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम विकसित केला. तो दख्खनच्या कालव्यांवर रूढ झाला आणि आजही वापरात आहे. घनफळावर पाणी विकण्याची तांत्रिक सोय अशी १९२० च्या दशकातच झाली. चारीच्या पातळीवर ती राबवायला आणखी बराच काळ लागला.

उजवा कालवा आणि साखर

डाव्या तीराला लाभ झाल्यावर उजव्या तीराची मागणी पुढे आली. त्यासाठी जुन्या भाटघर धरणाच्या खालच्या बाजूला नवे, बरेच उंच आणि मैलाहून अधिक लांबीचे दगडी धरण बांधण्यात आले. ते १९२८ मध्ये पूर्ण झाले आणि मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या जॉर्ज लॉइड यांचे नाव त्याला दिले गेले. जुने व्हायटिंग धरण नव्या जलाशयात बुडाले. भाटघरच्या जलाशयाला आता येसाजी कंकांचे नाव आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट आहे.

नीरा उजवा कालवा फलटण संस्थानातून माळशिरस-पंढरपूरकडे सुमारे १७० किलोमीटर जातो. १९३८ च्या सुमारास तो पुरा झाला. डाव्या कालव्याचा धडा समोर असल्याने येथे जमिनींची पाहणी आधीपासून झाली. १९३२ मध्ये पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र निघाले. जे. के. बसू आणि एस. एस. सिरूर यांनी नीरा उजव्या आणि प्रवरा कालव्यांवरच्या मातीचे वर्गीकरण करून १९३८ मध्ये प्रसिद्ध केले. कोणत्या मातीला बारमाही पाणी द्यावे आणि कोणत्या मातीला देऊ नये हे त्या नकाशांवरून सांगता येत होते.

१९३२ मध्ये भारतीय साखरेला जकातीचे संरक्षण मिळाले आणि गुळाच्या जागी कारखाना आला. माळीनगरला सासवड माळी शुगर फॅक्टरी, फलटण संस्थानात साखरवाडीचा कारखाना आणि इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांचा वालचंदनगरचा कारखाना काही वर्षांच्या अंतराने उभे राहिले. पुंड्या जातीचा जाड ऊस मागे पडून को ४१९ पसरला. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, फलटण, सदाशिवनगर, अकलूज अशी सहकारी कारखान्यांची साखळी दोन्ही कालव्यांवर झाली. कारखान्याला उसाचा नियमित पुरवठा हवा आणि ऊस उभा राहायला बारमाही पाणी हवे. सभासदाला आणि कारखान्याला पाण्याच्या बाबतीत एकच हित झाल्याने कालव्याच्या आवर्तनाची बैठक हा खोऱ्याच्या राजकारणाचा केंद्रबिंदू बनला.

हक्कांची नवी मांडणी

१९६५ मध्ये वीर येथे धरण झाले. पुढे गुंजवणी आणि नीरा देवघर ही धरणे झाली. नीरा देवघरचा साठा पावणेबारा अब्ज घनफुटांच्या जवळपास आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने १९७० च्या दशकात महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले, त्यामुळे भीमा खोऱ्यातल्या प्रत्येक साठ्याला आंतरराज्य हिशेबाचीही चौकट लागली.

नीरा देवघरचे स्वतःचे कालवे अपुरे असल्याने त्याचे पाणी वीरमधून डाव्या आणि उजव्या कालव्यांत वाटले जाऊ लागले. आधी डाव्याचा वाटा ६० टक्के आणि उजव्याचा ४० टक्के होता. जून २०१९ मध्ये राज्य सरकारने डाव्याकडे जाणारे हे पाणी थांबवून उजव्याकडे वळवायचे ठरवले. सरकार बदलल्यावर २०२० मध्ये डाव्याला ५५ आणि उजव्याला ४५ टक्के असे प्रमाण आले. डाव्याकाठचे बारामती-इंदापूर आणि उजव्याकाठचे फलटण-माळशिरस यांच्यातला जुना ताण या आकड्यांतून पुन्हा दिसला.

कायदाही बदलत गेला. १८७९ च्या कायद्याची जागा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ ने घेतली. २००५ मध्ये दोन कायदे आले. एकाने पाणीवाटपाच्या नियमनासाठी राज्य प्राधिकरण स्थापन केले. दुसऱ्याने पाणी वापर संस्थांना कायदेशीर दर्जा दिला, म्हणजे चारीवरच्या शेतकऱ्यांनी संस्था करावी, संस्थेने मोजून पाणी घ्यावे आणि आपसांत वाटावे. बारमाही पिकांसाठी ठिबक सिंचन लागू करण्याची तरतूदही या कायद्यांच्या चौकटीत आली आणि २०१७ मध्ये सरकारने उसासाठी ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला.

निचऱ्याची बाजू

या सगळ्या मांडणीत पाण्याच्या आत येण्याचा हिशेब आहे, बाहेर जाण्याचा नाही. कालव्याच्या तोंडाशी शेत पाणथळ आणि शेपटाशी शेत तहानलेले, हे चित्र अजूनही एकाच चारीवर दिसते. हेडचा शेतकरी जादा घेतो, त्याचे पाणी मुरुमातून खालच्या सखल शेतात उतरते, आणि त्या खालच्या शेतकऱ्याने पाणीपट्टी भरली नसली, पाळी मागितली नसली तरी त्याची जमीन खारपड होते.

निचरा करणे एकट्याच्या हातचे काम नसते. भूमिगत निचऱ्यात सच्छिद्र पाईप तीन-चार फूट खोल टाकून ते एका मोठ्या पाईपला जोडतात आणि तो पाईप ओढ्यात सोडतात. ज्याच्या शेतातून ओढ्याला वाट आहे त्याने वाट दिली नाही, किंवा ओढाच गाळाने आणि अतिक्रमणाने बुजला असेल, तर वरच्या शेतातले पाईप निरुपयोगी ठरतात. पाळी एकेका शेतकऱ्याच्या नावाने लागते. निचऱ्याला मात्र ओढ्याच्या दोन्ही काठांवरचे सगळे शेतकरी एकत्र यावे लागतात. कृष्णाकाठी मिरज-शिरोळ भागात अशी सामूहिक निचरा कामे झाली आहेत. त्यांची तांत्रिक रीत नीरा खोऱ्यालाही लागू पडते. अडचण येते ती मुख्यतः वाट, खर्च आणि देखभाल कोणाची या प्रश्नांवर.

जेथे ओढा खोल केला गेला, चर मुरुमापर्यंत नेले गेले आणि उसाऐवजी काही वर्षे कमी पाण्याची पिके घेतली गेली, तेथे पातळी उतरते आणि पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन जाते. आधी बरसीम, धैंचा किंवा गव्हासारखी क्षार सोसणारी पिके येतात, नंतर ऊस परततो. चराची साफसफाई मात्र दरवर्षी करावी लागते. चर बुजला की पाणी पुन्हा वर चढते आणि चैत्रात वरंब्यावर पांढरी साय परत दिसू लागते.